संगत थांबवायची नसते

आमच्या घरात जागेचा पहिला मान वाद्यांना होता, माणसांना त्यानंतर. अंबरनाथला शिवमंदिराच्या अलीकडे नाल्याच्या काठाने बैठ्या घरांची जी ओळ होती, तीत आमच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत पेटी, ढोलकी, माइकचे स्टँड, वायरींची भेंडोळी आणि एक काळा अ‍ॅम्प्लिफायर हे सामान आधी लागे. उरलेल्या जागेत आम्ही झोपत असू. वडिलांना मी बाबा म्हणे आणि सगळी वस्ती दादा म्हणे. दिवसा ते एका केमिकल कंपनीत हेल्पर होते, परंतु संध्याकाळी अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा चढला की ते आमच्या गायन पार्टीचे मालक, कवी, गायक आणि पेटीवादक असे सर्व काही होत. जयंतीच्या दिवसांत कर्जतपासून कल्याणपर्यंत त्यांना बोलावणी येत. आई चुलाण्यापाशी भाकरी थापू लागली की बाबा आतल्या आत गुणगुणत आणि तिच्या थापांवर शब्द बसवत. सुकट परतल्याचा वास, पेटीच्या भात्याचा श्वासासारखा आवाज आणि आईचे 'आता पुरे की, भाकर निवती' हे माझ्या लहानपणाचे खरे कवाड आहे. त्यातून मी केव्हाही आत जाऊ शकतो.

मी नववीनंतर शाळा सोडली. हे मी कोणापासून लपवीत नाही. आज तहसील कचेरीसमोर माझे टेबल आहे, आणि ज्यांच्या नावापुढे पदव्यांची रांग आहे असे लोकही आपला अर्ज मजकडूनच लिहून घेतात. कारण कोणत्या म्हणण्याखाली कोणता आधार द्यावा, ही समज पदवीबरोबर मिळत नसते. ही समज मला कोठून आली, असे पुष्कळ जण विचारतात. एका पियानोवाल्या बाईने रचलेल्या वॉल्ट्झमधून आली, असे सांगितले की ते चहाचा कप खाली ठेवून हसतात. म्हणून तो काळ येथे सविस्तर नमूद करतो.

पार्टीचा एकच कायदा होता. संगत करणाऱ्याने गायकाला सोडायचे नाही. गायक थांबला, शब्द विसरला, पाणी प्यायला, समोरच्या मंडळींशी बोलू लागला, तरी मागची वाद्ये चालू राहिली पाहिजेत. त्याने हात वर करून मूठ मिटली, तरच संगत थांबायची. हा कायदा मला काशीमामांनी शिकवला. काशीमामा म्हणजे आमचे ढोलकीवाले, आईचे मानलेले भाऊ, चामटोलीचे राहणारे. "ह्ये बघ इलास," ते म्हणत, "दादा गप बसला तरी आपून गप बसायचं नाय. मान्साला मधी इसर पडतो. आपून रस्ता झाडत ऱ्हायाचं, येनारा येतोच." इतर पार्ट्यांकडे बेस गिटार आली तेव्हा बाबांनीही उल्हासनगरच्या एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राची जुनी बेस आणली आणि माझ्या गळ्यात अडकवली. मला काम सोपे होते. पेटीवर जो स्वर बाबा घेतील तोच मी खाली जाड आवाजात घ्यायचा. ते वर गेले की वर, खाली आले की खाली. त्यांचा सा अख्ख्या कार्यक्रमात जागचा हलत नसे आणि त्यावर आम्ही सर्व जण पाय रोवून निर्धास्त उभे असू.

तो सा चामटोलीलाच बंद पडला. पटांगणात कार्यक्रम होता, बायका सतरंजीवर, पुरुष मागे उभे. बाबांनी अंतरा उचलला आणि एका ओळीच्या मध्यावर ते थांबले. ताठ बसले होते, डोळे लोकांवर होते. आम्हाला वाटले, ओळ विसरले. आम्ही जागा दिली. काशीमामांनी तर त्या मोकळ्या जागेत अशी सुरेख तिहाई घेतली की टाळ्या पडल्या. एक गृहस्थ पुढे आला आणि त्याने पेटीवर बक्षिसाची नोट ठेवली. बक्षीस देणाऱ्याचे नाव गायकाने पुकारायचे असते. बाबांनी पुकारले नाही. गृहस्थ वाट पाहत उभा राहिला. आम्ही वाजवीत राहिलो. मग बाबांचे कपाळ हळूहळू पेटीच्या पट्ट्यांवर टेकले. पेटीत हवा उरली नव्हती, म्हणून आवाज आला नाही. त्यानंतरही आम्ही वाजवीत होतो, कारण मूठ मिटलेली कोणी पाहिली नव्हती. शेवटी त्या गृहस्थानेच त्यांना खांद्याला धरून उठवले, तेव्हा त्यांचे तोंड एका बाजूला ओढले गेलेले आम्हाला दिसले.

बदलापूरच्या डॉक्टरांनी अर्धांगवायू सांगितला आणि आणायला उशीर झाल्याचे सांगताना 'जरा लवकर' असे दोन शब्द उच्चारले. काशीमामा तेथेच उभे होते. त्या दिवसानंतर ते आमच्या घरी आले नाहीत.

बाबांची वाचा गेली, उजवे अंग गेले. घरात मऊ भात आणि लसणाचे पातळ सार शिजू लागले. भाकरी थापताना आई आता आवाज होऊ न देता थापी. पेटीवर चादर पडली. मी बेस वाजवली तर अ‍ॅम्प्लिफायर लावीत नसे. गिटारीचे डोके दाराच्या चौकटीला टेकवी, म्हणजे लाकडातून सूर हाडांत उतरे आणि खोलीत कोणाला ऐकू येत नसे. तरीही बाबा खाटेवरून माझ्या बोटांकडे पाहत. वर गाणे नाही आणि खाली बेस चालू आहे, हे दृश्य त्यांना काय सांगत असेल या विचाराने मी थांबत असे.

घर चालवायला आईने उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये जीन्सच्या कारखान्यात धागे कापण्याचे काम धरले. तयार पँटींचे लोंबते धागे कात्रीने छाटायचे. खाली मशिनींचा खडखडाट, आणि वरच्या मजल्यावर जागेच्या मालकांची बहीण पुष्पा आंटी राहत असे. ती सिंधी होती, एकटी होती, मुलांना पियानो शिकवून शाळेतून निवृत्त झालेली होती. तिचा पियानो खिडकीची चौकट फोडून वर चढवला होता, असे कारागीर सांगत. एकदा जिन्यात आईने तिला अडवून सांगितले, "मॅडम, माझा पोरगा बेस वाजवतो. घरी बसून बसून त्याचं डोकं फिरायला लागलंय." आंटी म्हणाली, "बेस? उल्हासनगरमध्ये? उद्या घेऊन ये."

"मेरा मराठी कच्चा आहे, बेटा, पण कान पक्का आहे," हे तिचे पहिले वाक्य. तिने स्वतः रचलेला एक वॉल्ट्झ होता, म्हणजे नाचाच्या ठेक्यातली विलायती रचना, पियानो आणि बेस यांच्यासाठी. तिच्या गोवेकर सरांनी तरुणपणी तिला जॅझ शिकवले, तेव्हापासून तो तिच्या डोक्यात होता, आणि आजवर तिने त्यातला केवळ पियानोच ऐकला होता. बेसवाला कधी मिळालाच नाही. आता तिची बोटे सकाळी आखडू लागली होती. "एकदा मला पूर्ण ऐकायचं आहे," ती म्हणाली. "वरचं आणि खालचं, दोन्ही. बस."

तीन मात्रांचा तो ठेका मला दादऱ्यामुळे परका वाटला नाही, जरी तिचे तीन आमच्यासारखे जमिनीवर बसत नसत, पुढच्या मात्रेकडे जरासे कलत. तिने चाल वाजवली. मी सवयीने तीच चाल खाली वाजवू लागलो. ती थांबली.

"ये क्या? माझी सावली आहेस तू? मी बाजारात गेली, तू पण बाजारात. मी गच्चीवर, तू पण गच्चीवर. मग घर कोण बघणार?"

"गायकाला सोडायचं नसतं, आंटी."

"सोड कोण बोललं? तू घरी थांब. मी फिरून येते."

मग तिने जे करून दाखवले ते मी अद्याप विसरलेलो नाही. तिने गंधाराची एकच पट्टी दाबली आणि मला खाली सा वाजवायला सांगितले. तो गंधार स्वच्छ, सुखी वाटला. "आता ध." तोच गंधार उदास झाला. "म." तो काहीतरी आठवत असल्यासारखा झाला. "रे." तो वाक्य अर्धवट सोडून उभा राहिला. तिने पट्टी बदलली नव्हती, जोरही बदलला नव्हता. चेहरा बदलत होता तो माझ्या बोटाने.

"म्हणजे सा हलवायचा?" मी विचारले. माझ्या आवाजात काय होते कोण जाणे, तिने पट्टीवरून बोट उचलले आणि माझ्याकडे नीट पाहिले.

"हां. हलवायचा."

मला खरोखर भीती वाटली. ज्या घरात सा म्हणजे जमीन, त्या घरातल्या मुलाला ती जमीन सरकवण्याचे काम सांगितले जात होते. तिच्या वॉल्ट्झच्या सुरुवातीलाच चाल गंधारावर थांबून राहते, आणि बेस तिच्याखालून सा, नी, ध, प अशी पायरी पायरीने उतरत जाते. वरचा माणूस जागचा हलत नाही, मात्र प्रत्येक पायरीला तो वेगळाच माणूस भासतो. आणि पुढे एके ठिकाणी बेस कोमल निषादावर येते. त्या गंधाराचे आणि कोमल निषादाचे मुळीच पटत नाही. दोघे एकमेकांकडे पाठ करून उभे राहतात, आणि कानाला वाटते की आता काहीतरी घडणार. मग बेस अर्धा स्वर खाली धैवतावर येते आणि सुटका होते. आंटी म्हणे, "डर लगता है ना तिथे? लागलाच पाहिजे. डर नसेल तर घरी आल्याची मजा काय?"

आज कोणी विधवा माझ्या टेबलासमोर बसून आपली हकीकत सांगते, तेव्हा मी तिच्या म्हणण्यातला एक शब्दही बदलत नाही. त्या म्हणण्याखाली मी कोणते कलम ठेवतो, त्यावर ते गाऱ्हाणे होते की हक्क, हे ठरते. कचेरीतले साहेब माझ्या अर्जाची तारीफ करतात. ती तारीफ अर्धी पुष्पा आंटीची आहे, अर्धी माझी.

असो. खरी अडचण वॉल्ट्झच्या मध्यावर होती. तेथे पियानो थांबतो आणि आठ बार, म्हणजे तीन मात्रांचे आठ गट, बेस एकटी चालते. शेवटच्या बारात ती कोमल निषादावर येऊन थांबते, आणि तेथून धैवतावर पियानोने तिला येऊन मिळायचे असते. कागदावर हे आठ बार सोपे होते. परंतु आंटीने पट्ट्यांवरून हात उचलला की माझेही हात थांबत. मान आपोआप तिच्याकडे वळे, आणि मी तिचे तोंड सरळ आहे ना, हे पाही.

"काय बघतोस? दाताला लिपस्टिक लागलीय?"

"नाही, आंटी."

"तुझ्या आईने सांगितलंय मला सगळं," ती एकदा म्हणाली. खाली मशिनी जेवणाच्या सुट्टीसाठी बंद केल्या होत्या, त्यामुळे ती हळू बोलली. "मी थांबते कारण तिथे माझं काम नाही. माझं काम नसलं की मी मरते असं नाही."

मी हसलो, पण पुढच्या खेपेलाही थांबलो. त्यावर तिने एक युक्ती काढली. त्या आठ बारांत मी डोळे मिटायचे. डोळे मिटले की मला चामटोलीचे पटांगण दिसे. तरीही हात चालत राहत. अशा रीतीने, भीती तशीच ठेवून, मी ते आठ बार शिकलो.

अंबरनाथला एका कारखान्याच्या वसाहतीतील छोट्या हॉलमध्ये पियानो होता. आंटीच्या जुन्या विद्यार्थ्यांनी रविवारच्या संध्याकाळी तेथे बैठक ठरवली. आईने सकाळीच जाहीर केले, "ह्यांनाही न्यायचं. पोरगा वाजवणार आणि बाप खाटेवर पडून भिंत बघणार? ते चालायचं नाही." मी गयावया केली. बाबांच्या समोर, गाणे थांबलेले असताना, एकट्याने बेस वाजवायची, ही कल्पना मला सोसवत नव्हती. "त्यांना त्रास होईल, आई." "त्रास तुला होईल," ती बाबांच्या सदऱ्याची बटणे लावत म्हणाली, "तो होऊ दे." बाबांना उचलून रिक्षात बसवायला दोन माणसे हवी होती. तिने काशीमामांना निरोप धाडला होता. ते आले. खाली मान घालून आले, बाबांना काखेत धरून उचलले आणि रिक्षात बसवले.

बाबांना पहिल्या रांगेत कडेला बसवले. काशीमामा त्यांच्या मागे भिंतीला टेकून उभे राहिले, खुर्ची रिकामी असूनही. वॉल्ट्झ सुरू झाला. गंधार थांबला, मी पायऱ्या उतरलो. हॉलमधल्या पियानोचा आवाज आंटीच्या पियानोपेक्षा गोल होता आणि माझी बेस त्याखाली जाऊन बसली की लाकडी फरशी पायाला किंचित थरथरताना जाणवे. आंटीची बोटे त्या दिवशी आखडली नव्हती. दोनदा तिने चालीत नसलेली वळणे घेतली आणि तिथल्या तिथे मागे वळून माझ्याकडे डोळे मिचकावले. मला वाटले, आपण हे पार पाडू.

मग तिने हात उचलले, मी डोळे मिटले आणि आठ बार चाललो. शेवटच्या बारात कोमल निषादावर आलो, तो धरला, आणि पियानो आला नाही.

क्षणभर मी तसाच त्या भांडखोर स्वरावर लोंबकळत राहिलो. मग हातांनी त्यांना शिकवलेले केले. त्यांनी जागा दिली. मी पुन्हा आठ बार सुरू केले. डोळे उघडले तर आंटी मांडीवर हात ठेवून ताठ बसली होती. नजर समोरच्या भिंतीवर होती, तोंड किंचित उघडे. हॉलमध्ये सगळे शांत होते, काही जण मान डोलवीत होते. त्यांना हे रचनेतलेच वाटत होते. चामटोलीलाही लोकांना तसेच वाटले होते. एका बाजूला तिची एवढ्या वर्षांची इच्छा होती, एकदा पूर्ण ऐकण्याची. मी थांबलो तर ती सर्वांसमोर माझ्या हातून मोडणार होती. दुसऱ्या बाजूला 'जरा लवकर' हे दोन शब्द होते. बोटे चालत होती, आणि ती इतकी बरोबर चालत होती की मला त्यांचीच भीती वाटली.

मी थांबलो. बेस गळ्यातून काढून खुर्चीवर ठेवली. ती आदळली आणि अ‍ॅम्प्लिफायरमधून गुरगुर उठली. मी पियानोपाशी धावलो, आंटीचे खांदे धरले आणि ओरडलो, "आंटी! आंटी, हात उचला! बोला काहीतरी!"

ती दचकली. तिने दोन्ही हात उचलले, खरोखरच, पोलिसासमोर उचलावेत तसे.

"अरे पागल," ती कुजबुजली, "मैं तो सुन रही थी."

"काय?"

"इतका छान वाजवत होतास. मला वाटलं अजून एकदा ऐकू."

मागे कोणीतरी हसले. माझे कान तापले. ती रचना, तिचे ते पूर्ण ऐकणे, मी भर हॉलमध्ये मोडून टाकले होते. आंटी रागावेल म्हणून मी वाट पाहत होतो, पण ती माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहत होती. मी वळलो. बाबा रडत होते. त्यांच्या अर्ध्याच चेहऱ्याला रडता येत होते. दुसरा अर्धा शांत होता. त्यांचे डोळे माझ्यावर होते, आणि त्यांत त्रास नव्हता, हे इतक्या लांबूनही मला दिसले. त्यांच्या मागे काशीमामांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले होते.

आंटीला सगळे कळले असावे. तिने हात खाली घेतले आणि चाल एकट्या उजव्या हाताने सुरू केली. डावा हात मांडीवरच ठेवला. खाली काहीच नव्हते. तो गंधार उघडा पडून थांबला होता, कोणी तरी खाली येऊन तो कोण आहे हे सांगेल याची वाट पाहत. "जा," ती ओठांनीच म्हणाली. मी गेलो, बेस गळ्यात घातली आणि पुढच्या पहिल्या मात्रेवर धैवत दिला. वॉल्ट्झ शेवटपर्यंत गेला.

"पूर्ण नाही झाला," पायऱ्यांवर आंटी म्हणाली आणि माझ्या गालावर चापट मारली. "पण जेवढा झाला तेवढा माझा." तिने तो पुन्हा कधी वाजवला नाही, बोटांनी पुढे तिला तेवढी मुभा दिली नाही.

घरी बाबांना खाटेवर टेकवून बसवल्यावर काशीमामा निघाले नाहीत. आईने बाबांच्या हाताशी चहा ठेवला. काशीमामा खाटेपाशी जमिनीवर बसले, फरशीवर बोट ओढीत राहिले, आणि मग म्हणाले, "दादा, आमी थांबाया पायजे व्हतं. पोरगं थांबलं. आमी नाय थांबलो."

बाबांनी त्यांच्याकडे पाहिले. मग डाव्या हाताने, हेलकावत, थोडा सांडत, त्यांनी आपला कप काशीमामांच्या दिशेने सरकवला. आई दुसरा कप आणायला उठू लागली. बाबांनी डोळ्यांनी तिला खाली बसवले. काशीमामांनी तो कप दोन्ही हातांत घेतला आणि बाबांच्या देखत, एक एक घोट करून, पूर्ण प्यायला.